काही आवाज येतो का?

"काही आवाज येतो का?" उस्तादांनी एवढंच विचारलं होतं. फेब्रुवारीतली सकाळ, सव्वासात वाजलेले. वर्कशॉपचं शटर अर्धंच वर होतं आणि त्याखालून धुकं आत सरपटत होतं. माझी गाडी डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवून चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळून बांधलेली. उस्ताद बॉनेटखाली वाकलेले, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात घोटभर कॉफीचा इवलासा कप. मी दोन पावलांवर उभी होते. मी म्हणाले, "नाही."

येत होता. जानेवारीपासून येत होता. गाडी रात्रभर थंडीत उभी राहिली की सकाळी पहिली तीन-चार मिनिटं इंजिनातून टिक्-टिक्-टिक्, कुणीतरी बांगडीने काचेच्या पेल्यावर हलकेच ठोकत बसावं तसा आवाज. रेस दिली की त्याचीही लय वाढायची. मग इंजिन तापायचं आणि आवाज आपोआप विरून जायचा. त्या दिवशी मी बारा किलोमीटर चालवत गाडी आणली होती, त्यामुळे वर्कशॉपपर्यंत पोचताना तो गेलेलाच होता. उस्तादांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून तर त्यांनी मला विचारलं. डायनोसाठी मी तीन आठवडे थांबले होते, ऑफिसातून रजा काढली होती, आणि मला नक्की माहीत होतं, "हो" म्हटलं तर ते पट्ट्या सोडतील, गाडी रोलरवरून खाली उतरवतील, आणि आजचा दिवस गेला.

एक शब्द. त्याला आता वर्ष होत आलं, तरी तो अजून घशात आहे.

गाडी म्हणजे फियाट कूपे, १९९८ची, पाच सिलिंडर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो. रंग पिवळा, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बहावा फुलतो तो पिवळा. इटलीत, तोरिनोत म्हणजे ट्युरिनला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात मी ही गाडी पो नदीच्या काठी एका फुटपाथला लागून उभी असलेली पाहिली होती, आणि भर पावसात छत्री धरून तिच्याभोवती दोन चकरा मारल्या होत्या. चाकांच्या वर पत्र्यावर दोन तिरक्या रेघा आहेत, कुणीतरी तलवारीने वार करून सोडून दिल्यासारख्या. दाराला बाहेरून हँडल दिसत नाही, ते खिडकीच्या मागच्या खांबात लपलेलं. पेट्रोलचं झाकण उघड्या अ‍ॅल्युमिनियमचं, शर्यतीच्या गाडीला असतं तसं. आत डॅशबोर्डवरून बाहेरच्याच रंगाचा पत्र्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला आणि त्यावर गाड्यांचे आराखडे करणाऱ्या पिनिनफरीनाचं नाव. बाहेरचं रूप क्रिस बँगलचं, म्हणजे पुढे बीएमडब्ल्यूत जाऊन ज्याने निम्म्या जगाला चिडवलं आणि निम्म्याला वेड लावलं तोच. खालचा सांगाडा मात्र फियाट टिपोचा, चारचौघांच्या घरगुती गाडीचा. साध्या जोत्यावर असा वाडा उभा करायची ही हिंमत मला फार आवडते. फियाट या नावातला शेवटचा 'ट' म्हणजे तोरिनोच. त्यामुळे या शहरात राहून ही गाडी चालवताना मला देवळाच्या गावात राहून रोज दर्शनाला गेल्यासारखं वाटतं.

कारखान्यातून निघाली तेव्हा या इंजिनाची ताकद २२० हॉर्सपॉवर होती. फक्त १९९८ सीसी, आणि शून्यापासून शंभरपर्यंत साडेसहा सेकंद, जास्तीत जास्त वेग ताशी २५० किलोमीटर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्या काळात हे फारच होतं. मग आणखी कशाला हवं, असं आईने फोनवर विचारलं होतं. तिला नीट उत्तर देता आलं नाही. मी ज्या कंपनीत काम करते तिथे माझं कामच इंजिनाच्या संगणकाला शिकवण्याचं, म्हणजे कॅलिब्रेशनचं. पण तिथे सगळं प्रदूषणाच्या मर्यादांच्या आत, वॉरंटीच्या आत, दहा जणांच्या सह्यांच्या आत. एकदा तरी एक इंजिन माझं स्वतःचं असावं आणि ते मोकळं होताना मी जवळ उभी असावं, एवढीच इच्छा होती. इथल्या कायद्याप्रमाणे ताकद वाढवलेली गाडी रस्त्यावर चालवायची तर तशी नोंद कागदपत्रांत करून घ्यावी लागते. म्हणून आमचं आधीच ठरलं होतं की वाढवलेल्या ताकदीचा नकाशा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले बदललेले आकडे, फक्त ट्रॅकसाठी, आणि रोजच्यासाठी कंपनीची मूळ चिप परत बसवायची.

उस्ताद हे मी मनात दिलेलं नाव. पुण्यात हातात कसब असलेल्या मेकॅनिकला उस्ताद म्हणतात, तेच तोंडी बसलंय. सत्तरीचे आहेत. अंगात निळा डगला, खिशाला कायम एक फीलर गेज, फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्यांनी मला सांगितलं की आता आपण एकमेकांना 'तू' म्हणू या. इटालियनमध्येही 'तू' म्हणजे 'तू'च, उच्चारसुद्धा अगदी आपलाच. आणि तिथेच माझी पंचाईत झाली. इंग्रजीत 'यू' म्हणताना जिभेला काही वाटत नाही, पण वडिलांच्या वयाच्या माणसाच्या तोंडावर 'तू' म्हणायला माझी मराठी जीभ वळेना. त्यामुळे आमचं बोलणं आजही एकतर्फी चालतं. ते मला अगंतुगं करतात, मी त्यांना अहोजाहो. पहिल्यांदा त्यांना हे विचित्र वाटलं, मग त्यांनी ते माझ्या गावची रीत म्हणून ठेवून दिलं.

ताकद वाढवणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं त्याहून सोपं आहे आणि त्याहून अवघडही. टर्बोत एक पंखा धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. इथपर्यंत सोपं. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक कसं चटकतं, तसं. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबण्याचा अर्धा फायदा गेला, म्हणून मध्ये मोठा इंटरकूलर. एवढं करूनही सिलिंडरमध्ये हवा तापलेली असली, दाब जास्त असला, की ठिणगीने पेटवलेली ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच तिथलं मिश्रण स्वतःहून पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. हातोड्याचे घाव पिस्टनवर पडतात, अक्षरशः. ते थांबवायचं तर ठिणगी थोडी उशिरा पाडायची. पण ठिणगी उशिरा पाडली की जळणं उशिरा संपतं आणि ती सगळी धग धुराबरोबर बाहेर, मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा तुकडा) आणि टर्बोत जाते. म्हणजे पिस्टन वाचवला की मॅनिफोल्ड भाजतो. पेट्रोल जास्त सोडून धूर थोडा थंड करता येतो, पण त्यालाही हद्द आहे. उष्णता एका घरातून हाकलली की दुसऱ्या घरी जाते. ट्यूनिंग करणाऱ्याचं सगळं कौशल्य ती कुणाच्या घरी पाठवायची हे ठरवण्यात असतं.

उस्तादांनी आधी दोन महिने नुसती तयारी केली. प्लग एक पायरी थंड जातीचे, त्यांची फट ०.७ मिलिमीटर. टर्बोमागचा पाईप रुंद, तीन इंची. सगळे रबरी होज बदललेले. टाकीत ९८ ऑक्टेनच्या खालचं पेट्रोल घालायचं नाही अशी मला सक्त ताकीद. चिपमधला नकाशा म्हणजे पाढ्यांचं पुस्तकच: आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत भार, आणि प्रत्येक चौकटीत ठिणगी किती अंश आधी टाकायची तो आकडा. उस्ताद एकदम कधीच मोठा बदल करत नाहीत. दोन चौकटी, एक अंश, पुन्हा रोलर. पुन्हा दोन चौकटी. प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड होऊ देतात आणि तेवढ्यात काहीतरी सांगत बसतात. कार्लो आबार्थ त्यांचा देव. व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस १९४९मध्ये कंपनी काढतो, छोट्या फियाटना सायलेन्सर विकून पैसे उभे करतो, आणि पुढे गाडीची ताकद वाढवायचं सगळं सामान एका पेटीत घालून विकतो. उस्तादांच्या काकांनी तशी पेटी आणली होती म्हणे. घरातली सगळी माणसं ती उघडताना भोवती उभी होती, एखाद्या लग्नाच्या बस्त्यासारखी. १९६५मध्ये पन्नाशी उलटून गेल्यावर आबार्थला स्वतःच मोंझाच्या ट्रॅकवर विक्रम करायचा होता आणि गाडीची बैठक इतकी अरुंद की तो मावेना. तर या पठ्ठ्याने सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं. "गाडी मोठी केली नाही," उस्ताद दर वेळी बोट वर करून सांगतात. "स्वतःला कमी केलं."

त्या फेब्रुवारीच्या दिवशी मात्र त्यांना गोष्टी सुचत नव्हत्या. सकाळी मूळ नकाशावर पहिली फेरी झाली, २०७ हॉर्सपॉवर. वयाच्या मानाने ठीक. पण आलेखाकडे बघत ते बराच वेळ गप्प राहिले. कंपनीच्या कागदांनुसार या इंजिनाचा पूर्ण टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ३१० न्यूटन मीटर, २५०० फेऱ्यांना मिळायला हवा. आमचा ३३०० ओलांडून मिळत होता. टर्बो उशिरा जागा होत होता. त्यांनी एकेक होज हाताने चाचपला. साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधले. जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, वेस्टगेटची, काडी काढून पुन्हा बसवली. गुडघ्यावर बसून, उठून, पुन्हा बसून दीड तास. मी तिथेच होते. कॉफी आणून दिली. आणि मला माहीत होतं. म्हणजे मॅनिफोल्डच असेल असं छातीठोकपणे माहीत नव्हतं, पण जो धूर टर्बोकडे जायला हवा तो वाटेत कुठेतरी निसटत असेल तर टर्बो उशिरा उठणारच, एवढं कळण्याइतकी मी याच कामात मुरलेली आहे. ऑफिसात कुणी असा सदोष डेटा माझ्या टेबलावर ठेवला तर मी त्याला उभं करून विचारते. इथे मी कॉफीत साखर ढवळत होते.

शेवटी उस्तादांनी खांदे उडवले आणि ठरवलं की हे इंजिनच असं आहे. मग त्यांनी नकाशा त्या उशिराच्या मापाने बेतला. वेस्टगेट जास्त वेळ बंद ठेवून टर्बोला रेटलं, दाब १.२ बारपर्यंत नेला, खालच्या वेगातल्या चौकटी वेगळ्या भरल्या. संध्याकाळी साडेपाचला शेवटची फेरी. पंख्याचा वारा, रबराचा वास, तो पाच सिलिंडरचा घोगरा, थोडा लंगडत चालल्यासारखा सूर चढत चढत गेला आणि पडद्यावर आकडा आला: २६१. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी पोटात काहीतरी खाली खाली गेलं. दोन्ही खरं होतं.

आमची फियाट फिकट आकाशी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ती मूळची इथलीच, याच शहरातल्या अकराशेची लेक, हे मला इथे येऊन संग्रहालयात तिच्यासमोर उभी राहीपर्यंत कधी मनात उतरलंच नव्हतं. तिचे ते गोल दिवे बघून मला एकदम आमच्या वाड्यासमोरचा दगडी कठडा आठवला. मे महिन्यात पुण्याहून वाईला निघायचं तर बाबा आदल्या रात्री बॉनेट उघडून बसायचे आणि बॅटरी धरायचं काम माझं. "इकडे धर. हातावर नको, पॉइंटवर धर." त्या वेळच्या पेट्रोलवर चढाला गाडी नॉक करायची, काचेच्या गोट्या डब्यात हलवल्यासारखी. मग बाबा डिस्ट्रिब्युटर दोन केसांएवढा फिरवून टायमिंग मागे घ्यायचे. नॉकिंग थांबायचं. पण टायमिंग मागे घेतलेली गाडी तापते, आणि खंबाटकीच्या अर्ध्यावर काटा लालकडे सरकायचा. फ्युएल पंपातलं पेट्रोल उकळून गाडी आचके द्यायची. गाडी कडेला. बाबा पंपावर ओलं फडकं टाकायचे, त्यातून वाफ निघायची, आम्ही दगडावर बसून दशम्या खायचो, खाली घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्याचा रस्ता उन्हात थरथरत असायचा. उष्णता दुसऱ्या घरी जाते हे मी अभियांत्रिकीच्या वर्गात शिकले असं मला वाटत होतं. ते त्या फडक्याच्या वासातून शिकले होते: ओलं सुती कापड, पेट्रोल आणि तापलेलं लोखंड.

बाबा गाडीचं ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावून उभे राहायचे, डॉक्टरसारखे, डोळे मिटून. मला वाटायचं, त्यांना काहीतरी गुप्त ऐकू येतं. एकदा मी हट्ट केला तेव्हा त्यांनी मूठ माझ्या कानाला लावली आणि मी घाबरून मागे सरले. आत एवढं काही चाललं असेल असं बाहेरून वाटलंच नव्हतं.

मार्चअखेरीला आम्ही गाडी ट्रेलरवर घालून चेर्वेझिनाला नेली. पावियाजवळ, भातखाचरांच्या सपाट मुलखात, जुन्या काळच्या शर्यतवीर ताझिओ नुवोलारीच्या नावाचा ट्रॅक आहे. त्या दिवसाबद्दल मला खोटी खंत दाखवायची नाही. तो माझ्या आयुष्यातल्या फार सुंदर दिवसांपैकी एक होता. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आधी काहीच होत नाही, आपण मनात एक, दोन मोजतो, आणि मग मागून समुद्राची लाट यावी तशी ताकद येते, स्टिअरिंग हातात जिवंत होतं, पुढची चाकं डांबर ओरबाडत आपल्याला सरळ रस्त्यावर फेकतात. टर्बोची शीळ हेल्मेटच्या आतसुद्धा ऐकू येते. चार-पाच फेऱ्यांनंतर आत येऊन इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, टर्बोला निवू द्यायचं. बॉनेटवरची हवा थरथरत होती. अगदी खंडाळ्याच्या रस्त्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिकटिक दुप्पट झाली होती, आणि या वेळी ती दहा मिनिटांनंतरही पूर्ण गेली नाही.

मी फोन बॉनेटखाली धरून अर्ध्या मिनिटाचा आवाज मुद्रित केला आणि कोथरूडला बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. का पाठवला ते मला आजही नीट सांगता येणार नाही. उस्ताद वीस मिनिटांवर होते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डाव्या कानाने कमी ऐकतात, आणि त्यांनी आयुष्यात टर्बोचं इंजिन उघडलेलं नाही. पाच मिनिटांत फोन आला.

"थंड असताना येतो?"

"हो."

"आणि तापल्यावर जातो?"

"आधी जायचा. आता थोडा राहतो."

"मग टॅपेट नाही गं. मॅनिफोल्ड फुंकतोय. पॅकिंग गेलंय, नाहीतर तडा. लोखंड तापून फुगतं तेव्हा फट मिटते, म्हणून तुला वाटतं बरं झालं." मग थोडं थांबून, "तुझ्या मेकॅनिकला सांगितलंस ना?"

"सांगते," मी म्हणाले. 'सांगितलं' आणि 'सांगते' यांच्यात काय फरक आहे हे बाबांना शिकवायला नको. पलीकडे त्यांच्या गॅलरीतला कोकीळ ओरडत होता, तेवढाच काही वेळ ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, जेवलीस का.

उस्तादांना मी वर्कशॉपमध्ये जाऊन सांगितलं, उभ्या उभ्या. आवाज जानेवारीपासून होता, तुम्ही विचारलंत तेव्हाही मला माहीत होता. रात्री वाक्य तयार करून गेले होते, व्याकरण तपासून. ते ऐकून उस्तादांनी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तू गाडी आत घे." तू म्हणाले. त्या एका शब्दाचा मला त्या क्षणी केवढा आधार वाटला, हे इथे कुणाला समजावून सांगता येणार नाही. मराठी माणसालाच कळेल.

मॅनिफोल्ड काढायला दोन दिवस गेले. पंचवीसहून अधिक वर्षं तापून निवलेले स्टड एका फिरकीत निघत नाहीत. रात्रभर तेल सोडून ठेवावं लागतं, सकाळी थोडं तापवायचं, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. एक तुटलाच. मग तो बिडाचा जड तुकडा बाकावर आला, वर गंजाचा जांभळट तांबडा रंग, पाच तोंडं ओळीने. तिसऱ्या आणि चौथ्या तोंडाच्या मधे तडा होता, केसाएवढा, बोटभर लांब. माझ्या मनात हिशोब आपोआप चालू झाला, ती कामाची सवय. हा तुकडा साधारण चाळीस सेंटीमीटर लांब. जोरात चालवताना धुराचं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं, बीड स्वतः सातशे अंशांनी तापलं तर तीन मिलिमीटरने वाढणार. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तो घट्ट आवळलेला असतो, ते पाण्याने निवत असतं, ते वाढणार एक मिलिमीटरहूनही कमी. दोघांना नटांनी एकमेकांना बांधलेलं. एकाला वाढायचंय, दुसरा हलत नाही. हजारो वेळा तापणं, हजारो वेळा निवणं. ही कुणाची चूक नाही, हे लोखंडाचं वय आहे. पण त्या वयावर १.२ बारचा दाब मी चढवला होता. कितीतरी ट्यूनर म्हणूनच मॅनिफोल्डच्या पट्टीला तोंडांच्या मधे मुद्दाम करवतीने चीर देतात, वाढायला जागा ठेवतात.

उस्तादांनी तड्यावरून नख फिरवलं, मग पांढरं फडकं. फडक्यावर फारसं काही आलं नाही. ताजी काजळी पुसली जाते. ही चुलीमागच्या भिंतीसारखी भाजून पक्की बसली होती. "हा जुना आहे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, त्या लोखंडाशीच बोलल्यासारखे. मग त्यांनी त्यांची वही उघडली. फेब्रुवारीचं पान, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात भरलेलं, बावीस फेऱ्यांचे आकडे, समासात 'टर्बो उशिरा, कारण?' असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. ते पान त्यांनी फाडलं नाही. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. तो दीड तास, ते गुडघ्यावर बसणं, तो साबणाचा फेस, सगळा नकाशा माझ्या 'नाही'वर बेतलेला होता आणि आता मॅनिफोल्ड धड झाल्यावर तो धोक्याचा ठरणार होता. टर्बो लवकर उठेल, खालच्या चौकटींतले आकडे जास्त होतील, नॉकिंग सुरू होईल. सगळं पुन्हा. मी दोन्ही दिवसांचे पैसे देऊ केले. त्यांनी ते मोजून घेतले, आणि ते घेतले म्हणून मला बरं वाटलं.

पद्मिनी १९९९मध्ये विकली. भोरहून एक शिक्षक बघायला आले होते, बरोबर त्यांचा मुलगा. गाडी आदल्या दिवशी धुऊन पुसून चकाचक. त्यांना ती आवडली, किंमतही जवळजवळ ठरली, आई आत चहा टाकायला गेली. आणि बाबा म्हणाले, चला, एक फेरी मारू. मीही मागे बसले. सिंहगड रस्त्याच्या एका उतारावर त्यांनी मुद्दाम दुसरा गिअर टाकून पाय सोडला, गिअर खटकन सुटला. "हा असा सुटतो," बाबा म्हणाले. "हाताने धरून ठेवावा लागतो. आणि मे महिन्यात घाटात ओलं फडकं लागेल." घरी आल्यावर किंमत अडीच हजारांनी उतरली. आई दोन दिवस बोलली नाही, त्या वेळी अडीच हजार म्हणजे तिच्या हिशोबाच्या वहीत मोठं खिंडार होतं. मला त्या वयात बाबांचा फार राग आला होता. विचारलंही नव्हतं त्यांनी, मग सांगितलं कशाला? हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, उद्या त्या मुलाला घेऊन तो घाट उतरेल." आणि पेपर वाचायला लागले.

मे महिन्यात गाडी पुन्हा रोलरवर चढली. दुसरा मॅनिफोल्ड मिळवून, त्याला तोंडांच्या मधे चिरा देऊन, नवे स्टड लावून. उस्तादांनी दाब १.१वरच थांबवायचं ठरवलं होतं. दिवसअखेरीस आकडा आला २५३, आधीपेक्षा आठाने कमी, पण टॉर्क २६००लाच हजर होता आणि आलेखाची रेघ खंबाटकीच्या चढासारखी धाडकन वर न जाता मेणवलीच्या नदीघाटाच्या पायऱ्यांसारखी ऐसपैस चढत होती. तो नंतरचा भाग. मला सकाळ सांगायची आहे.

या वेळी उस्तादांनी गाडी आदल्या संध्याकाळीच मागवून घेतली आणि रात्रभर वर्कशॉपमध्ये, शटरला फट ठेवून, थंड होऊ दिली. मी पोचले तेव्हा ते कॉफी पीत उभे होते. आत बसून त्यांनीच किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं. ते बाहेर आले, बॉनेटवर हात टेकवून माझ्याकडे बघून म्हणाले, "काही आवाज येतो का?"

मी वाकले. पाच सिलिंडरचा तो घोगरा, लंगडा सूर, पेट्रोलपंपाची भुणभुण, इंजेक्टरची बारीक टपटप. टिकटिक नव्हती. मी आणखी थांबले. पट्ट्याच्या बाजूला, खूप खाली, कोरड्या खोबऱ्यावर विळी फिरावी तसं काहीतरी होतं, असून नसल्यासारखं.

"इथे," मी म्हणाले. "खाली. काहीतरी घासतंय."

उस्तादांनी भिंतीवरचा पंखा बंद केला. हातगाडीवरून लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचं टोक आल्टरनेटरच्या अंगावर नीट टेकवलं, आणि मूठ माझ्याकडे केली.